बरणीभर पेप्टाइडची पिठी

काय गरज होती तिला ती बरणी माझ्या पिठांच्या डब्यांत ठेवायची, तूच सांग चंद्रप्रकाश. (चि. लिहायचं राहिलं, आशीर्वाद समजून घे. नलिनीची कंबर कशी आहे? शेकते का?)

तुझी भाची ऋतिका अंधेरीला बियांच्या लॅबमध्ये आहे, तुला ठाऊक आहे. बियांमधल्या प्रोटीनचे तिथे बारीक तुकडे करतात, त्याला म्हणायचं पेप्टाइड. अंगाला आतून गंज चढतो तो हे तुकडे अडवतात म्हणे. (मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांपासून सुरू कर. तर म्हणते, अजून काचेच्या नळीतच दिसलंय, माणसात दिसायचंय.) मीच जोर करून तुझ्या शेतातले कुळीथ तिला दिले, बाजारचे कशाला. त्याची पावडर शनिवारी घरी आणलीन, बिस्किटं करून साहेबांना दाखवायला. पसंत पडली तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी.

रविवारी ती केस धुवायला गेली आणि मी त्या बरणीतलं कुळथाचंच पीठ समजून जेवायला पिठी टाकली. लसूण, मिरची, आमसूल, वास झकास. पण दाटायचं नाव नाही. ढवळून ढवळून हात गेला. आणखी दोन चमचे घातले, मग आणखी, असं करता करता बरणी संपली, तरी पाणी ते पाणीच. तुझे भावोजी एक घोट घेऊन म्हणाले, काढा कोणासाठी गं? मी म्हटलं गप प्या, चंद्रप्रकाशचे कुळीथच कडू असतील. मागाहून कळलं, तुकडे केले की कडूपणा येतोच, आणि दाटायला त्यात पीठ उरलेलंच नसतं. हे आधी सांगायला काय झालं होतं?

ऋतिका रिकामी बरणी बघून मटकन बसली. जेवली नाही. साहेबांनी आठवडा वाढवून दिलाय, तेवढाच.

तुझी मालनताई

ता.क. दुसऱ्या शेताचे कुळीथ चालत नाहीत, आधीच्या तपासणीशी जुळायला हवेत. तुझेच पाठव, बोरीवलीच्या एसटीत कंडक्टरकडे दे, आमचा सौरभ स्टँडवर उतरवून घेईल. खडे निवडून पाठव, मागच्या वेळी ह्यांची दाढ हलली.

ता.क. २ मी ऋतिकाला सांगितलंय की बरणी ह्यांच्या हातून सांडली. ती ह्यांच्याशी बोलत नाही, मला मात्र आयता चहा देते. हे गप्प आहेत, पण किती दिवस राहतील सांगता येत नाही. फोन केला असता, पण दीड खोलीत सगळं ऐकू जातं. तेव्हा पिठीबद्दल अवाक्षर नको, आणि कुळीथ कोणत्या गाडीने निघाले ते बुधवारच्या आत कळव.