आम्हाला चकलीवाले म्हणतात

डोंबिवली पूर्व,
मंगळवार

प्रिय तानाजी,

पाकीट बघून आधी तू घाबरशील, मग ते उलटंपालटं करशील, आणि मग गोदूवहिनींना हाक मारून सांगशील की मास्तर येडा झाला. झालोय. माझ्या घरापासून तुझ्या मानपाड्याच्या घरापर्यंत रिक्षाने पंधरा मिनिटं, रस्ता खोदलेला असला तर पस्तीस, आणि मी इथे टेबलावर बसून पत्र लिहितोय. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी विषय काढला रे काढला, की तुझ्याकडे लगेच पाहुणे येतात. दीड वर्षात तुझ्याकडे जेवढे पाहुणे आले तेवढे माझ्या रसिकाच्या लग्नालासुद्धा नव्हते. म्हणून म्हटलं लिहावं. शेवटपर्यंत वाच. चष्मा सापडत नाही म्हणू नकोस, तो तुझ्या कपाळावर असतो.

परवा रविवारी सकाळी तुला उचकी लागली असेल तर ती आमच्यामुळे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आपल्या सगळ्यांची सभा भरलेली. आपल्या म्हणजे, सौमित्र केळसकरचं नाटक लागलं की पहिल्या दोन रांगा अडवून बसणाऱ्या वेड्यांची. कल्याणहून बँकेतला सिद्धेश आला, टिटवाळ्याहून कॉलेजातली सान्वी आली, ठाण्याहून सहा-सात जण. एकूण अठ्ठावीस डोकी आणि तीन छत्र्या, कारण ऊन मरणाचं होतं. सभेचं कारण असं की येत्या रविवारी चार वाजता आपल्या नाट्यगृहात सौमित्रच्या नाटकाचा तीनशेवा प्रयोग आहे, आणि निर्मात्यांनी ठरवलंय की पडदा उघडण्याआधी आपल्या मंडळींचा सत्कार करायचा. अरे, स्टेजवर बोलावून! नारळ, शाल आणि सन्मानचिन्ह. त्यावर मंडळाचं नाव काय घालायचं ते लवकर कळवा म्हणाले. आता आपल्याला सगळा जिल्हा काय म्हणतो ते तुला माहीतच आहे. चकलीवाले. तेच नाव छातीवर मिरवायचं, की कायमचं टाकून द्यायचं, यावर सभा.

तू आता पत्र खाली ठेवलं असशील. उचल. त्या शब्दाने तुझं काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या शब्दापायी तू नाटक सोडलंस. ज्या माणसाने तीस वर्षं तिकिटांचा प्लॅन उघडायच्या दिवशी पहाटे पाचला जाऊन नाट्यगृहाच्या खिडकीसमोर आपल्या भट्टीवरची वीट ठेवली, वर खडूने 'तानाजी, तीन तिकिटं' असं लिहून, त्याने सोडलं. आपली ओळखसुद्धा त्या विटेवरूनच झाली. मी शिक्षकी तोऱ्यात म्हटलेलं की रांगेत माणूस उभा राहतो, वीट नाही, आणि तू म्हणालास, मास्तर, तुमची पण ठेवा, मी बघतो.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा प्रयोग, हाउसफुल्ल. दुसऱ्या अंकात सौमित्र वडिलांना अग्नी देऊन घरी येतो, त्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ बसतो आणि चाळीस सेकंद एक शब्द बोलत नाही. ते चाळीस सेकंद आपण दोघांनी घड्याळ लावून मोजलेले आहेत. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला. कुर्रर्र. आणि लगेच मागोमाग आणखी एक, जरा दबकत, कुर्र. सौमित्रने मान वर केली आणि भूमिका न सोडता म्हणाला, "आई, बाबा गेले, आणि घरात कुणीतरी चकली खातंय." झालं! आधी बाल्कनी फुटली, मग खालचे, मग तो स्वतःच हसायला लागला आणि पडदा पाडावा लागला. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून बघत होते. डबा तुझ्या मांडीवर. स्टीलचा, वहिनींच्या लग्नातला, झाकणावर नाव कोरलेलं. मागच्या कुणीतरी ते नाव मोठ्याने वाचलंसुद्धा. तू उठलास, चारी बाजूंना हात जोडलेस, "मना माफ करा" म्हणालास आणि बाहेर गेलास. तेव्हा मागून एक जण बोलला, गावची माणसं, नाटकाला काय अन् जत्रेला काय, सारखंच. ते मी ऐकलं. तूही ऐकलंस. दुसऱ्या दिवशी ती गंमत सगळ्यांच्या मोबाइलवर होती, आणि आठवड्याभरात बदलापूरपासून मुलुंडपर्यंत सौमित्रचं नाटक आवडणारा जो तो चकलीवाला झाला.

तर सभा. सान्वी उभी राहिली. एवढीशी पोरगी, पण वकिलासारखी बोलते. म्हणाली, आपल्याला हसणाऱ्यांनी नाव दिलं हे खरं, पण आपणच ते आधी घेतलं तर त्यांच्या हातात काय उरतं? वाकडे, टकले, बोबडे, पोटदुखे ही आडनावं काय कुणी पेढे वाटून ठेवली असतील? कुणीतरी चिडवलं, पोरांनी ते शाळेच्या दाखल्यावर लावलं, आणि आज त्याच नावाने लग्नपत्रिका छापतात. मला मनात पटलं, पण मी चेहरा कोरा ठेवला. तिने बिल्लेसुद्धा करून आणलेले. वर चकलीचं चित्र. ते डासांच्या कॉइलसारखं दिसतं असं मी म्हटलं, तर म्हणाली काका, तुमच्या पिढीला दोन्ही घरात लागतात. सिद्धेशला वेगळंच नाव हवं होतं, त्याने 'सौमित्र सेना' सुचवलं. त्यावर ठाण्याचे सगळे एका सुरात ओरडले की बाबा रे, आपल्या जिल्ह्यात सेना काय कमी आहेत? तो बिचारा खाली बसला.

नाव टाकून द्या म्हणणाऱ्यांचा म्होरक्या मी होतो. वीस मिनिटं बोललो. म्हटलं, आपण तोंडपाठ संवाद घेऊन येणारी माणसं, नट चुकला तर आधी आपले ओठ हलतात, आणि आपली ओळख काय, तर फराळाचा एक जिन्नस? म्हटलं, गंमत तुमची होते, पण नाव कुणाच्या तरी पाठीवर बसलेलं असतं. ज्या माणसाने तुमच्यासाठी विटा मांडल्या तो आज नाट्यगृहाची पायरी चढत नाही आणि तुम्ही बिल्ले कसले लावता? माझा आवाज चढला. तेव्हा सान्वी शांतपणे म्हणाली, काका, तानाजीकाकांनी एक चकली खाल्ली, एवढंच ना? सगळे कधीच विसरले. तुम्हाला एवढं का लागतंय?

तानाजी, तुझं नाव घेऊन मी वीस मिनिटं ढोल बडवत होतो आणि त्या वीस मिनिटांत एक वाक्य सोडून सगळं बोललो होतो. मग ते वाक्य बोललो. म्हटलं, तानाजीने चकली खाल्ली नाही. मी खाल्ली.

सगळं सांगितलं. की त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला ठाण्याचे नवाथे आणि त्यांच्या सौभाग्यवती बसलेल्या, त्यांच्या घरी रसिकाचं अजून पक्कं व्हायचं होतं, आणि सकाळपासून मी त्यांना आमच्या घरातल्या शिस्तीच्या गोष्टी सांगत होतो. वर्गात चघळणाऱ्या पोरांना मी ओणवं उभं करायचो, हेसुद्धा सांगितलेलं. डबा तुझ्या मांडीवर बंद होता, मध्यंतराआधी उघडायचा नाही हा तुझा नियम. अंधारात तो मी माझ्याकडे ओढला. भूक नव्हती, दुपारी श्रीखंड-पुरी हाणलेली. नुसता हावरटपणा. वाटलं, तोंडात ठेवून विरघळवू. मास्तर म्हणे! वहिनींच्या हातची चकली आजवर कुणाच्या तोंडात विरघळली आहे? आणि दिवे लागले तेव्हा माझी मांडी रिकामी होती. डबा तू उचलून तुझ्या मांडीवर घेतला होतास. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, पाहिलं असतंस तर नवाथ्यांना कळलं असतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी काय केलं? रुमालाने मिशी पुसली. पुढे लग्नात तू कंबर कसून पंगती वाढल्यास, माझ्या पानात जिलबी वाढलीस, आणि मी मान खाली घालून ती खाल्ली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

चहा घेऊन आलेली आमची ही जिन्यातून म्हणाली, मला त्याच दिवशी कळलेलं, तुमच्या सदऱ्यावर तीळ होते. दीड वर्ष ही बाई गप्प! विचारलं, बोलली का नाहीस, तर म्हणते, तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. मग असा हशा उठला की खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले. सिद्धेश मात्र हसला नाही. ती गंमत पहिल्यांदा पुढे पाठवणारा तोच होता. त्याने सगळ्यांसमोर दोन्ही कान पकडले, आणि तुझ्या पाया पडायला येणार म्हणतो. येऊ दे त्याला, पोरगा चांगला आहे.

संध्याकाळी धीर करून नवाथ्यांना फोन लावला. म्हटलं आता व्याही काय म्हणायचे ते म्हणोत, पोरगी सुखात आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, विनीतराव, दुसरा आवाज माझा होता. अरे तानाजी, मी ओढलेला डबा माझ्या मांडीवर उघडा दिसला, वास आला, त्या गृहस्थाने हात घातला! मी ऐकलेला तो दबका कुर्र, तो आमच्या व्याह्यांचा! मागून विहीणबाई एवढ्या हसत होत्या की त्यांना ठसका लागला. ते बिचारे दीड वर्ष समजत होते की तू आणि मी मिळून त्यांची अब्रू राखली. रविवारी ते दोघं येणार आहेत, तुझ्याशेजारी बसायचंय म्हणाले.

नावाचं काय झालं म्हणशील. मत घेतलंच नाही. सान्वीने बिल्ले पिशवीत भरले आणि म्हणाली, ज्यांनी दुसऱ्यासाठी हे नाव सोसलं त्यांना न विचारता आपण ते घेणारेही कोण आणि टाकणारेही कोण? अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माना हलल्या. निर्मात्यांना निरोप गेलाय की पाटी कोरी ठेवा, नाव तानाजीराव सांगतील. माझं मत विचारशील तर शनिवारी एक होतं, आता दुसरं आहे. मी इतकं भांडत होतो ते नावाशी नाही, त्यामागच्या माझ्या खोटेपणाशी. खरं सांगून मोकळा झालो आणि त्या शब्दातलं विषच गेलं. काल आमच्या मजल्यावरच्या पोरांनी मला चकलीवाले आजोबा म्हणून हाक मारली, आणि तुला सांगतो, मी थांबून हात हलवला. मला आवडलं ते! पण माझ्या आवडण्यावर जाऊ नकोस. तुला ते टोचत असेल तर नाही म्हण, आम्ही त्याच क्षणी टाकतो, पुन्हा कुणी उच्चारलं तर मी त्याला ओणवं उभं करीन.

आता खरं का लिहितोय ते. नाव राहो नाहीतर जावो, त्यासाठी मी कागद खराब केला नसता. काल भाजीबाजारात गोदूवहिनी भेटल्या. तुझी चौकशी केली तर मेथी निवडता निवडता म्हणाल्या, भावजी, एक सांगते, त्यांना सांगू नका. दर रविवारी तीन वाजता हे आंघोळ करतात, नाटकाचा तो पांढरा शर्ट घालतात, केस विंचरतात, कानात अत्तराचा फाया ठेवतात आणि ओटीवर येऊन बसतात. कुणी आलं तर बोलतात, नाही आलं तर रस्त्याकडे बघत राहतात. चार वाजून गेले, म्हणजे पडदा उघडला असेल, की आत येतात, शर्ट काढून खुंटीला लावतात. दीड वर्ष. मी कधी विचारलं नाही, म्हणाल्या. तानाजी, मी भर बाजारात रडलो रे. भाजीवाली म्हणाली, काका, मेथी महाग असली म्हणून काय झालं. माफ कर मला. माझ्या चार घासांच्या अब्रूसाठी तू तुझं नाटक दिलंस, आणि मी ते घेतलं. रविवारी साडेतीन वाजता मी रिक्षा घेऊन तुझ्या दाराशी येतोय. शर्ट घालून तू तयार असशीलच. या रविवारी फक्त ओटीवरून ऊठ.

तुझाच,
विनीत मास्तर