दगडाखालच्या तीन ओळी

नालवाडी, वर्धा
९ जून २०२४

चि. शौनक यास माणिकआत्याचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस, आणि तुझे बाबा मागून ओरडत असतात की तुझे गारगोटी-पुराण आवर. म्हणून ठरवले, यापुढे दगडांविषयी जे काय बोलायचे ते पत्रात. तूही उत्तर पत्रानेच दे. अक्षर कसे आहे तेही कळेल.

तर बातमी अशी, की मी आणखी एक दगड विकत घेतला. बंडूला, म्हणजे तुझ्या बाबांना, सांग, हा शेवटचा नाही.

देवळी तालुक्यात, पुलगावच्या अलीकडे, बोरटेक म्हणून लहान गाव आहे. तिथे नत्थूजी भोयर यांच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. चाळीस फुटांवर काळ्या पाषाणात एक पोकळी लागली आणि आत बघतात तर चहूबाजूंनी स्फटिक. ठेकेदाराला पाण्याची घाई. त्याने सुरुंग लावून सगळे उडवले आणि मलबा काठावर टाकला. मीराबाई म्हणून एक बाई तिथे टोपली वाहायला होती. तिने त्यातला एक तुकडा लुगड्यात गुंडाळला आणि घरी नेऊन ज्वारीच्या कोठीत ठेवला. माझी जुनी विद्यार्थिनी आकांक्षा त्या गावात अंगणवाडी चालवते. तिचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले.

शौनक, तीस वर्षे दगड गोळा करते आहे, पण असा माझ्या हातात आला नव्हता. ओंजळीएवढा. खाली काळा पाषाण, त्यावर फिकट गुलाबी स्टिल्बाइट, गव्हाच्या पेंढ्या बांधून ठेवाव्यात तसा, आणि मधोमध अपोफिलाइटचा एकच स्फटिक. पोपटी, अंगठ्याएवढा, आणि टोक शाबूत! मला रडू आले. मीराबाई घाबरली, तिला वाटले दगड खोटा निघाला.

तिने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. पण दगड सोडताना तिने विचारले की हा आता कोणत्या गावचा म्हणायचा. मी सांगितले की माझ्याकडे प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी असते, कुठे सापडला, कोणाला सापडला. तेव्हा म्हणाली की मग बोरटेकचं नाव लिवजा, आमच्या गावाचं नाव कुठीच नसते. मी शब्द दिला.

फोटो स्वरदाच्या फोनवर पाठवला आहे. भावाबहिणींनी तो बघताना भांडू नका. कळावे, आत्याचा लोभ दगडांच्या खालोखाल तुमच्यावरच आहे.

तुझी,
माणिकआत्या


पुणे
२३ जून २०२४

ती. माणिकआत्यास शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. दहावीनंतर पहिल्यांदाच एवढे लिहितो आहे.

फोटो पाहून मी खुर्चीतून उठलो. रजतला दाखवला, तर तो म्हणाला की डिसेंबरच्या प्रदर्शनात आपल्या टेबलावर मधोमध हाच ठेवायचा. तुला ठाऊक आहेच, रजत मला त्याच्या दगडांच्या धंद्यात भागीदार करून घेणार आहे. हे प्रदर्शन नीट पार पडले की कागदपत्रे होतील. नोकरीला मी किती कंटाळलो आहे ते बाबांना सांगू नकोस, तुला सांगतो. हा दगड माझे नशीब काढेल, आत्या.

तूच मागे म्हणाली होतीस की तुझ्यामागे बाबा सगळे दगड तुळशीवृंदावनाभोवती लावतील. त्यापेक्षा जाणकाराच्या घरी गेलेला बरा, नाही का?

एकच लहानशी गोष्ट. रजत म्हणतो, चिठ्ठीवर जळगाव लिहू. जळगावचे अपोफिलाइट जगभर लोक ओळखतात. वर्ध्यात असे काही निघते हे कोणाला ठाऊक नाही, उगाच शंका घेतील. दगड तर तोच राहणार आहे! दोन शब्दांचा प्रश्न. रागावू नकोस, विचार कर.

बाबांचा तुला नमस्कार, आणि गारगोट्यांनाही. लोभ आहे तसा ठेव, निदान उत्तर येईपर्यंत.

तुझा,
शौनक


नालवाडी
१ जुलै २०२४

चि. शौनक यास अ. उ. आ.

विचार केला. एक मिनिट लागले. नाही.

वर्ध्यात असे काही निघते हे कोणाला ठाऊक नाही, असे रजत म्हणतो. ठाऊक होणार कसे, इथे निघालेला प्रत्येक दगड तुम्ही जळगावचा करता! माझ्या डोळ्यांदेखत आर्वीकडचे दोन आणि हिंगणघाटकडचा एक असे गेले. वर्धा म्हटले की लोकांना सेवाग्रामचा आश्रम आठवतो. आठवू दे, मलाही अभिमान आहे. पण आमच्या पायाखाली काय आहे ते आम्ही कधी सांगायचे?

दोन शब्द म्हणतोस. दगडाला तोंड नसते रे. तो कुठून आला हे त्या दोन शब्दांशिवाय कोण सांगणार? एकदा खोटे लिहिले की शंभर वर्षांनी कोणी कितीही शिकलेला येवो, त्याला ते कळणार नाही. मुलींना नकाशा भरायला दिला की मी म्हणायची, नाव लिहायचे तर पुरे लिहा. अर्धी चिठ्ठी ही खोट्या चिठ्ठीची सख्खी बहीण.

आता माझी अट ऐक. दगड मी देते. विकलास तरी चालेल, मला साठवून कुठे न्यायचा आहे? पण त्याच्याबरोबर माझी चिठ्ठी जाईल आणि तीच टेबलावर लागेल. मी मीराबाईला शब्द दिला आहे. तो मोडून तुझे नशीब निघणार असेल, तर असले नशीब मला बघायचे नाही.

जे वाटले ते लिहिले. या पत्राने लोभ कमी झाला असेल तर दिवाळीला अनारसे पाठवून भरून काढीन.

माणिकआत्या


पुणे
६ ऑक्टोबर २०२४

ती. माणिकआत्यास शि. सा. न. वि. वि.

दगड सुखरूप पोचला. तू घातलेला तो सगळा कापूस आईने वातींसाठी काढून ठेवला आहे. तुझी चिठ्ठी पाकिटात नीट आहे. दगड न्यायला वर्ध्याला आलो तेव्हा तुझ्यासमोर कबूल केले, तसेच होईल. रजतला मी समजावतो. आता निर्धास्त राहा आणि मला दोन महिने शिव्या देऊ नकोस. उरलेला लोभ अनारशांसोबत येऊ दे.

शौनक


नालवाडी
२४ नोव्हेंबर २०२४

शौनक,

आशीर्वाद आहेत, पण ते आज लिहायला हात होत नाही.

प्रदर्शनाची छापील पुस्तिका स्वरदाने पाठवली. तिला वाटले मला आनंद होईल. पान सात. माझा दगड. खाली छापले आहे, जळगाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

रजतने तुला न विचारता छापले असेल, किंवा विचारून. मला ते ऐकायचे नाही. मी पुण्याला येऊन तमाशा करणार नाही. दगड परतही मागत नाही. पण तुला वाटत असेल की म्हातारीची कागदाची चिठ्ठी पाकिटात ठेवली की विषय संपला, तर तू मला ओळखले नाहीस.

दगड कधी पालथा करून पाहिलास का? काळ्या पाषाणावर खाली मी ओढलेला पांढऱ्या रंगाचा पट्टा आहे. त्यावर बारीक निबाने मी तीन ओळी लिहिल्या आहेत आणि वर बिनरंगाचे नेलपॉलिश दिले आहे. सहासष्टाव्या वर्षी ते मागितले म्हणून दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ओळी अशा:

मीराबाईच्या टोपलीतून.
श्री. नत्थूजी भोयर यांची विहीर,
बोरटेक, ता. देवळी, जि. वर्धा.

ब्लेडने पाच मिनिटांत निघतील. खरवडायच्या असतील तर खुशाल खरवड. फक्त तुझ्या हाताने खरवड, रजतच्या नको. आणि खरवडून झाल्यावर मला पत्राने कळव, तेवढे धैर्य असले तर.

माणिक


पुणे
१७ डिसेंबर २०२४

ती. माणिकआत्यास शि. सा. न. वि. वि.

खरवडल्या नाहीत.

आधी कबुली देतो. रजतने मला विचारून छापले होते. मी गप्प बसलो, आणि गप्प बसणे म्हणजे होकारच. तुझे पत्र आले तेव्हा दगड पालथा केला. मी खोट्याला होकार दिला तेव्हा तुझे ते अक्षर माझ्या हातातच होते. मला माझीच लाज वाटली. रजतला दाखवले, तर त्याने ब्लेड काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते खिशात घातले आणि नंतर करतो म्हणालो. एवढाच मी शूर.

पहिल्या दिवशी बंगळूरचे एक वयस्कर संग्राहक आले. ते दगड उचलतात आणि सगळ्यात आधी पालथा करतात. त्यांनी विचारले हे काय लिहिले आहे. रजत म्हणाला, काही नाही, मजुरांच्या खुणा असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आत्या, तुझ्या वर्गात उभे करून वाचायला लावावे तसे मी मोठ्याने वाचले. तिन्ही ओळी. मग अर्थ सांगितला. त्यांनी बोरटेकची अक्षरे एकेक विचारून वहीत उतरवली. मग रजतला म्हणाले की ज्या टेबलावर एक चिठ्ठी खोटी, तिथल्या बाकीच्या कोण तपासत बसणार, आणि काही न घेता गेले.

भागीदारी तिथेच संपली. रजत जे बोलला ते लिहिण्यासारखे नाही. मी जळगावची चिठ्ठी काढून तुझी लावली आणि सांगितले की दगड माझ्या आत्याचा आहे, हिंमत असेल तर हलव. उरलेले दोन दिवस तो वर्ध्याचा म्हणून तिथे होता. आणि ऐक, बाबा दोन्ही दिवस त्याच्याशेजारी उभे होते! येईल त्याला हाताला धरून सांगत होते, पाहा पाहा, आमच्या वर्ध्याचा हाये. मी त्यांच्या तोंडून अशी भाषा पहिल्यांदाच ऐकली.

दगड विकला गेला नाही. संक्रांतीला घेऊन येतो. सोबत दोन फोटो पाठवतो, एक टेबलावरच्या चिठ्ठीचा आणि एक दगडाखालच्या ओळींचा. मीराबाईंना दे. नोकरी आहे तीच आहे, आणि सध्या बरी वाटते आहे. आशीर्वाद लिहायला हात झाला तर दोन शब्द लिही.

तुझा,
शौनक


बोरटेक
८ जानेवारी २०२५

माणिक मॅडमले मीराबाईचा नमस्कार. मी सांगून राह्यली अन् माही नातीन काजल लिहून राह्यली. चुकलं असन त तिचं.

तुमी देल्ले ते फोटो घरी लावले. काजलनं तीन खेपा वाचून दाखोले. पुण्याच्या मानसायनं आमच्या गावाचं नाव वाचलं, लय बरं वाटलं. तुमच्या भाच्याले सांगजा, त्यानं चांगलं केलं. नत्थूजी बी पाहून गेले. म्हणे का हा माह्या इहिरीचा गोटा. मी म्हटलं का इहीर तुमची, पाणी तुमचं, गोटा माहा. ठेकेदार फेकत होता तवा तुमी कुठी होते?

पण मॅडम, एक इचारायचं हाय. मले वाचता येत नाई, पण दिसते त. नत्थूजीची ओळ लंबी हाय अन् माही आखूड. काजलले इचारलं त ते म्हणे का त्यायचं पुरं नाव हाय, श्री लावून. मंग माह्यं अर्धं काऊन? गावात चार मीराबाई हायेत. उद्या कोनतीबी म्हणन का मीच ते. भाच्याले काय लिवलं ते तुमीच मले हासून सांगतलं होतं, का अर्धी चिठ्ठी खोटीची बहीण असते.

म्हून पुरं लिवा. मीराबाई वाघाडे. मंधात नवऱ्याचं नाव टाकू नोका, तो इहिरीवर एक दिवस आला नाई.

गोटा संक्रांतीले येनार म्हणता. आमी दोघी तवाच येतो, च्या मांडून ठेवजा. माह्यासमोर लिवा. मी पाहून घेतो, माही ओळ त्याच्याएवढी झाली का नाई.

मीराबाई वाघाडे