सुजेचा सांगावा

बिबवेवाडी, पुणे
१२ ऑगस्ट २००४

चि. विजयमालेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर डॉक्टरचं झालंच आहे, पदवी तेवढी यायची राहिली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तू दिवसभर काय करतेस, ते या वेळी प्रथमच कळलं. जखमेच्या जागी काही प्रथिनं सुटतात, त्यांच्या मागाने पांढऱ्या पेशी रक्तातून तिकडे धावतात आणि बारीक भोकांच्या जाळीतून पलीकडे किती गेल्या ते तू मोजतेस. मार्केट यार्डात गाळ्यापुढे ट्रक लागला की हमाल धावतात, तसंच की! एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे ठाऊक नव्हतं.

त्याचा उपयोगही झाला. माझ्या डाव्या स्तनात दोन महिन्यांपासून गाठ आहे. दुखत नाही. आता वरची कातडी लाल होऊन सुजली आहे. तुझे काका रोज दवाखान्याचा विषय काढतात. शेवटी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. सूज म्हणजे पेशी कामाला लागल्या, असं तू स्वच्छ लिहिलं आहेस. श्यामसुंदररावांना गप्प करणारी तू घरातली पहिलीच. तेव्हा काळजी नसावी.

आठवण ठेवून लिहीत जा.
तुझी मावशी,
मंदाकिनी

हैदराबाद
१७ ऑगस्ट २००४

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच हाती आलं. लगेच फोन केला, तर तू फोनवर यायला तयार नाहीस असं काका म्हणाले. म्हणून हे स्पीड पोस्टने पाठवते आहे.

मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ते जखमेपुरतं खरं आहे. कर्करोगाची गाठही तसलीच प्रथिनं सोडून पेशींना बोलावते. त्या येतातही, पण तिथे राहून त्यांतल्या पुष्कळ जणींचा स्वभाव बदलतो. मग त्या गाठीला रक्त पुरवायला आणि पसरायला मदत करतात. तुझे हमाल माल उतरवायला येतात आणि गाळेवाल्याचं घर बांधत बसतात, असं समज. जाळीपलीकडे किती पोचल्या ते मी मोजते. त्या कोणाच्या बाजूच्या, ते त्यावरून कळत नाही.

न दुखणारी गाठ आणि लाल कातडी असताना थांबायचं नसतं. हे पत्र मिळताच दवाखान्यात जा. माझ्यावर हवं तेवढं रागव. चूक माझी आहे.

तुझ्या मायेतली,
विजू

बिबवेवाडी, पुणे
३ सप्टेंबर २००४

चि. विजूस,
अ. उ. आ.

सुईने नमुना घेतला. कर्करोग आहे. काखेतही पोचला आहे. आधी औषधं, मग शस्त्रक्रिया. डॉक्टर तुझ्याच वयाची आहे. एवढी शिकलेली बाई थांबली कशी, असं तिने विचारलं. काका लगेच तुझ्या पत्राचं सांगू लागले. मी त्यांना तिथेच थांबवलं.

चूक तुझी, हे लिहिणं आता बंद कर. गाठ दोन महिन्यांची आहे, हे मी खोटं लिहिलं होतं. गाठ मला गेल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. आधी मी तिला हात लावायचंच टाळलं, मग शेजारच्या मथुराबाईंचा लेप लावला. विज्ञानाच्या बाईंनी! तुझ्या त्या पत्राच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, की गाठींचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढच्या खेपेला लिहीन. ते पान मी काकांना दाखवलंच नाही. काढून डब्यात ठेवलं.

मला भीती वाटत होती, विजू. आताही वाटते. सोमवारी पहिलं औषध चढवणार आहेत. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी