लॉनला पाडलेल्या भोकांची आणि उरलेल्या इस्टेटीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, निवृत्त दंतवैद्य, वयाने सत्तरीपलीकडचा, दात अजून स्वतःचेच असलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. दडपण आणू शकणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे माझी पत्नी, सध्या गाण्याच्या वर्गाला गेली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कारण आळस.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी पत्नीला. तिच्या पश्चात मुलीला. यावर कोणी वाद घालू नये. घालून बघावा, म्हणजे पत्नी काय चीज आहे ते कळेल.

कलम २. दवाखान्यातली मागे कलणारी खुर्ची जावयाला. मी जवळ उभा असताना तो त्या खुर्चीत कधीच बसला नाही. आता निर्धास्त बसावे.

कलम ३. घरामागचे लॉन. याचा खुलासा लांबेल, त्याला इलाज नाही.

जन्मभर लोकांच्या दातांतली भोके बुजवली आणि निवृत्तीनंतर जमिनीला भोके पाडायला निघालो, हा दैवाचा विनोद समजावा. लॉन पिवळे पडले होते. माती इतकी घट्ट की पाणी वर तळे करून बसे. दोष मी धाकट्या भावावर ठेवला होता. तो शेजारीच राहतो. तेव्हा त्याची ड्रायव्हिंग शाळा होती आणि त्याच्या एका शिकाऊ बाईंनी गाडी मागे घेता घेता माझ्या लॉनचे दर्शन घेतले होते. मी नको ते बोललो, तोही बोलला, मी मधे लाकडी कुंपण घातले आणि आमचा अबोला सुरू झाला. तो वर्षानुवर्षे टिकला. लॉन टिकले नाही.

पत्नीचे मत वेगळे होते. "अहो, ती गाडी एकदा गेली. तुम्ही रोज सकाळी मागे हात बांधून त्याच जागी फेऱ्या मारता. माती घट्ट होईल नाही तर काय?"

मी हे मत विचारात घेतले नाही. पाणी मुळांपर्यंत जावे म्हणून भोके पाडायचे मशीन भाड्याने आणले. रोलरवर पोकळ नळ्या असतात, त्या जमिनीत घुसून मातीच्या कांड्या उपसून बाहेर टाकतात. दुकानदाराने सांगितले होते की मूठ सोडली की मशीन थांबते. पण माणूस घाबरला की मूठ आवळतो. मशीन मला घेऊन गुलाबांतून गेले आणि तसेच कुंपणाकडे निघाले. पलीकडून आवाज आला, "सोड! हातातलं सोड, दादा! अरे, काय धरून बसलायस!"

इतक्या वर्षांतले त्याचे हे पहिले शब्द. मी ते ऐकले, आणि मूठ आणखी आवळली. कुंपण मोडले, माझा पाय मोडला, मशीनला ओरखडाही नाही.

पाय प्लास्टरमध्ये, पलंग खिडकीशी. भोके पाडून झाल्यावरच लॉनची खरी काळजी घ्यावी लागते आणि नेमका तेव्हाच मी आडवा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मोडक्या कुंपणातून भाऊ आत आलेला. हातात दाताळे. मातीच्या कांड्या गोळा करायला त्याने सुरुवात केली.

मला राहवले नाही. "कांड्या उचलू नकोस! त्या तिथेच विरघळू देतात!"

"किती घाण दिसतंय हे! कुत्र्यानं केल्यासारखं!"

"दिसू दे! तुला कोणी बोलावलं?"

"वहिनींनी!"

त्याने दाताळे टाकले, वहिनींनी दिलेले बी भोकांवर पेरले आणि पाईप उचलला. मी पलंगावरून ओरडे, "फवारा बारीक ठेव, बी वाहून जाईल!" तो उत्तर देई, "शाळेत मी शिकवत होतो, तू नाही!" रोज सकाळी तो पाणी घालायला येई आणि रोज आम्ही भांडत असू. अबोल्याचे नाव कोणी काढले नाही. एकदा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, वाकून बघ." भोकाभोकातून हिरवी लव वर आली होती. मी म्हणालो, "विरळ आहे." तो "हो" म्हणाला. मग बराच वेळ आम्ही दोघे तिकडेच बघत राहिलो.

कलम ४. यापुढे कधीही भोके पाडल्यास: कांड्या उचलू नयेत. बी टाकून वर कुजलेल्या खताचा पातळ थर द्यावा. पाणी थोडे थोडे, पण माती सुकू देऊ नये. कोंब मूळ धरेपर्यंत कोणी पाय ठेवू नये. पहिली कापणी उंचच ठेवावी. फेऱ्या मारायची हौस असणाऱ्याने रस्त्यावर माराव्यात.

कलम ५. कुंपण पुन्हा बांधू नये. कुंपणालगतची लॉनची पट्टी भावाला.

कलम ६. मी गेल्यावर येणाऱ्यांना लॉनवर बसवावे. जाड माणसे एकाच जागी बसवू नयेत.

पुरवणी. हे सर्व वाचून वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भाऊ शेजारीच बसला होता. मी म्हटले, "मग साक्षीला दुसरं कोणी शोधू."

तो म्हणाला, "पट्टी राहू दे. साक्षीला मी बसतो."

"फुकटची जागा सोडतोस? वेडा आहेस का?"

"ती मिळेल तेव्हा तू नसशील, दादा. सही करताना तरी शेजारी बसू."

मला तेव्हा चष्मा सापडेना. तो डोळ्यांवरच होता.

सबब कलम ५ मधील पट्टी रद्द. ती पत्नीकडे राहील. पुढे तिने ती कोणाला द्यावी याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तिला कळते.

लिहून देणार: निवृत्त दंतवैद्य (सही, थोडी वाकडी)

साक्षीदार:
१. धाकटा भाऊ, ड्रायव्हिंग शाळेचा माजी मालक (सही)
२. पायाला प्लास्टर घालणारे डॉक्टर (सही, वाचता येत नाही)

दिनांक: रविवार सकाळ, बाकीचे आकडे वकीलबाई घालतील.
ठिकाण: मागचा व्हरांडा. टेबल एकच, खुर्च्या जवळजवळ.