स्पंजच्या अंगातला जंतू

४ नोव्हेंबर
गोव्याहून अनघाचा डबा आला. बर्फ पार वितळलेला, पण बाटल्या थंड. समुद्री स्पंजचे दोन तुकडे, अंगठ्याएवढे, विटकरी. रीतसर परवानगी काढून तिनं स्वतः बुडी मारून आणले. फोनवर म्हणाली, "एवढेच मिळाले माधुरी, पुन्हा मागू नको." नागपूरला आम्ही एकाच वर्गात. ती समुद्राकडे गेली, मी रायपूरच्या फार्मसी कॉलेजात.

९ नोव्हें.
एका तुकड्याचा अर्क काढला. चमचाभर, पिवळा, चिकट. वास मासळी बाजाराचा. उमादीदी (जवळच्या अभनपूरची, आमची लॅब तीच सांभाळते) नाक दाबून: "मैडम, एखर ले दवाई बनही?"
"हव," म्हटलं. खात्री कुठं होती.

१२ नोव्हें.
बाबांच्या पायाचा रिपोर्ट. शुगरची जखम, महिना झाला भरत नाही. आतल्या जंतूवर बहुतेक औषधं चालतच नाहीत. बाबा म्हणाले, "तू जे करून राहिली, ते अशाच जंतूसाठी ना? मंग मले लाव."
"बाबा, माणसाले लावायला वर्षं जातात."
"जाऊ दे. तू काहून थांबली?"

१५ नोव्हें.
गोल आला! प्लेटभर जंतूंची साय आणि अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती स्वच्छ रिकामा गोल, तिथले जंतू मेलेले. जंतू बाबांच्या जखमेतल्या जातीचाच (लॅबमधला, त्यांचा नाही). पुन्हा केलं. पुन्हा गोल. जेवणाचा डबा तसाच घरी परत.

२१ नोव्हें.
अर्क संपला, थेंबभर राखून ठेवला. औषधासाठी स्पंजच उपटत बसलो तर समुद्रात उरेल काय? अनघा म्हणते, हे रसायन कदाचित स्पंज बनवतच नसेल, त्याच्या अंगात राहणारे जंतू बनवत असतील. म्हणजे ते इथं वाढवता आले तर...
दुसरा तुकडा कुस्करला, खाऱ्या पाण्याच्या आठ प्लेटांवर लावला. आता हातात काही नाही.

२६ नोव्हें.
प्लेटा कोऱ्या. आठही. दीदीला म्हटलं, धुऊन टाक. घरी बाबांशी नीट बोलली नाही.

६ डिसें.
बाबांच्या पायाची करंगळी काढली. शुद्धीवर आल्यावर, "नऊ बोटं हायेत अजून." मग, "तुह्या कामाचं काय?" थांबलं, म्हटलं.

१७ डिसें.
सुट्टीनंतर कॉलेजात. उमादीदीनं कपाट उघडलं. प्लेटा आत! पाणी सुकू नये म्हणून डब्यात बंद केलेल्या.
"धोई नहीं मैंने. इतने दूर से आया है मैडम, टाइम तो लगेगा न उसको."
तीन प्लेटांवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून रागवायला पाहिजे होतं. तिचा हात धरून उभी राहिली नुसती. मग अनघाला फोन केला.

२४ डिसें.
तिन्ही ठिपके त्याच जंतूसमोर लावले होते. दोघांनी काही केलं नाही. तिसऱ्याभोवती गोल. लहान, पण कडा साफ. दीदीनं चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
लगेच नाचू नये. वेगळंच काही रसायन असू शकतं. दुसऱ्या कोणाला आधीच सापडलेलंही असू शकतं.

२ जानेवारी
दोन्ही नमुने, स्पंजच्या अर्काचा शेवटचा थेंब आणि नारिंगीचा, अनघाच्या संस्थेत पाठवले. एकच रसायन आहे का ते तिथलं मशीन सांगेल. मशीनला रांग आहे. दोन-तीन महिने.
जखम आता भरून राहिली, रोजच्या ड्रेसिंगनंच. बाबा काठी टेकत तेलीबांधा तळ्याचा अर्धा फेरा चालले. बाकावर बसून म्हणाले, "अन् तेच नाही निघालं तं?"
"तं दुसरं काही असंन. नवीन."
"मंग हातावर हात ठेवून बसू नको तोवर."
उद्या नारिंगीला मोठ्या फ्लास्कमध्ये टाकायचं. दीदी म्हणाली, सकाळी लवकर येते.