जर्मन कंपनीची ड्रॉइंग

चिंचवड, १२ नोव्हेंबर १९५७

इंग्रज कंपनीशी करार जूनमध्येच झाला होता, हे मालकांनी आज चहा पिता पिता सांगितले. डिझेल इंजिनासाठी कोणाशी हात मिळवावा, असे मला विचारले ते जुलैत! तीन महिने खपून मी जर्मन कंपनी सुचवली, कारण ती इंजिनाची सगळी ड्रॉइंग देणार होती, म्हणजे इंजिन इथेच घडवता आले असते. इंग्रज नुसते तयार भाग पाठवणार.

"संचालकांपुढे दोन नावं ठेवावी लागतात हो," मालक म्हणाले. "अहवाल मात्र सुरेख लिहिलात."

मी आभार मानून उठलो. का? सौजन्य, की नोकरीची भीती? ड्रॉइंग देतो, असे जर्मनांनी पत्रात लिहून दिले होते.

फाउंड्रीतल्या तुकाराम मिस्त्रींनी माझ्या शब्दावर मुंबईची नोकरी सोडली होती. बातमी कानावर गेली असावी; कारखाना सुटताना त्यांनी मला गाठलेच. "सायेब, इंजिन हितंच ओतायचं म्हनला व्हता न्हवं? का आता खोकी फोडून नटबोल्ट आवळायचं?"

खरे सांगायला हवे होते. मी म्हणालो, "बघू, मिस्त्री."

जूनपासून सगळे ठाऊक असताना मालकही मला हेच म्हणत होते.