पट्टी शेपटीत शिरते की नाही

नंदुरबार, मंगळवार, जेवणाआधी

शेपटीच. शेवटी शेपटीच पाहायची होती, आणि मी आठवडाभर रंग पाहत बसलो.

कॅकाटू आणि अगासी, दोन्ही बोटाएवढे मासे, जवळच्या नात्यातले. नर चटकन ओळखू येतात, माद्या मात्र सख्ख्या बहिणी. सुरतहून कॅकाटू म्हणून आणलेली पिवळी मादी परवा राखाडी पडली, तेव्हा दुकानदाराने अगासीच गळ्यात मारली असं ठरवून मी तिला कॅकाटू नराजवळून काढून वेगळ्या टाकीत ठेवलं. चुकून संकर झाला तर पिल्लं कोणत्या नावाने द्यायची? मिरची वाळवायच्या पथारीवर जन्म गेला माझा. माल रंगावरून निवडायची सवय डोळ्यांतून जाते कुठे!

आज सुनंदा चहा घेऊन टाकीपाशी थांबली. एरवी माशांच्या नावाने वैतागणारी माझी बायको! म्हणाली, "सकायले पिवयी व्हती, आते राखोडी दिखस. तुम्ही कोनता रंग खरा धरतस?"

खरंच, कोणता? माशाचा रंग म्हणजे त्याचा मूड. वाळल्या मिरचीला कुठला मूड? मग बॅटरी मारून अंगावरची काळी पट्टी पाहिली. अगासीची पट्टी थेट शेपटीत शिरते. हिची शेपटीच्या अलीकडेच थांबते. पुन्हा पुन्हा पाहिलं. थांबतेच.

कॅकाटूच! लगेच तिला नराच्या टाकीत परत सोडलं. थोडा वेळ कोपऱ्यात दबून होती. आता अंड्यांसाठी टाकीत ठेवलेल्या करवंटीत शिरली आहे, हळद लावल्यासारखी पिवळी होऊन. अंडी देईल? देईलही.

सुनंदाने मी न सांगताच टीव्हीचा आवाज कमी केलाय.